आद्याक्षरांचे गोत्र

इंग्रजी काव्याचे अध्यापन करणाऱ्या आपल्याकडील बहुतेकांनी केव्हा ना केव्हा एक विधान वर्गात केलेले असते. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. ‘ग्लीम’, ‘ग्लिटर’, ‘ग्लिमर’, ‘ग्लिंट’, ‘ग्लो’, ‘ग्लेअर’ हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहावयाचे आणि मग सांगावयाचे की, पाहा, या सर्वांच्या आरंभी जी दोन अक्षरे आहेत त्यांतच प्रकाश आहे. विधान ऐकावयास गोड वाटते. शब्दाच्या अंगातच त्याचा अर्थ भिनलेला आहे ही कल्पना काव्यप्रेमी मनाला नेहमीच भुरळ घालीत आली आहे. परंतु एका वर्षी मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने अगदी नम्रपणे विचारले, ‘सर, मग ‘ग्लव्ह’मध्ये कोणता प्रकाश आहे? आणि ‘ग्लू’मध्ये?’ हातमोजा आणि सरस! मी त्या वेळी काहीतरी बोलून गेलो. ते उत्तर नव्हते, हे त्याला आणि मला दोघांनाही कळले.

पुढे त्या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा ध्यानात आले की, ज्या विधानाकडे आपण रसिकतेचा एक सहज उद्गार म्हणून पाहतो त्याला तीन-साडेतीन शतकांचा लिखित इतिहास आहे आणि त्या इतिहासात गणिती, धर्मोपदेशक, कोशकार आणि भाषाशास्त्रज्ञ अशी नाना प्रकारची माणसे गुंतलेली आहेत. हा इतिहास समीक्षकाने जाणून घ्यावा असे मला वाटते, कारण कवितेतील नादाविषयी आपण जी विधाने करतो त्यांपैकी कोणती टिकतील आणि कोणती टिकणार नाहीत, याचा निर्णय पुष्कळ अंशी या इतिहासावर अवलंबून आहे.

मूळ वाद अर्थातच त्याहून फार जुना. शब्द आणि अर्थ यांचा संबंध औत्पत्तिक, म्हणजे कोणी निर्माण न केलेला, असे मीमांसकांनी मानले. तो संकेताने सिद्ध होतो असे नैयायिकांनी म्हटले. यास्काने निर्वचनाचे नियम सांगताना, दुसरा मार्ग न सापडल्यास एखाद्या अक्षराच्या वा वर्णाच्या साम्यावरूनही शब्दाचा उलगडा करावा, पण निर्वचन सोडू नये, इतकी मोकळीक दिली. ग्रीसमध्ये हाच प्रश्न प्लेटोने ‘क्रॅटिलस’ या संवादात उभा केला. त्या संवादातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे. वर्णांचे गुण सांगता सांगता सॉक्रेटिस ‘ग’ आणि ‘ल’ यांच्या संयोगाकडे येतो. ‘ल’ उच्चारताना जीभ घसरते आणि ‘ग’ त्या घसरणीला अडवतो. म्हणून हा संयोग चिकटपणा, गोडपणा आणि सरसासारखा लिबलिबीतपणा दाखविण्यास योग्य आहे, असे तो म्हणतो आणि त्या अर्थाचे ग्रीक शब्द पुढे ठेवतो. म्हणजे ज्या दोन वर्णांत इंग्रजीच्या अध्यापकाला लख्ख उजेड दिसतो, त्याच दोन वर्णांत अथेन्समधील श्रोत्याला मधाचा चिकट ओघळ जाणवत होता. दोघांचेही कान साक्षीला होते. सॉक्रेटिसच्या बोलण्यात उपरोध किती आणि गांभीर्य किती यावर विद्वानांचे एकमत नाही, ही गोष्ट वेगळी.

इंग्रजीपुरता या विचाराचा आरंभ १६५३ साली झाला. त्या वर्षी जॉन वॉलिस याने लॅटिन भाषेत इंग्रजीचे व्याकरण प्रसिद्ध केले. वॉलिस हा ऑक्सफर्डमधील भूमितीचा प्राध्यापक. अनंताचे जे आडव्या आठासारखे चिन्ह आज शाळकरी मुलेही वापरतात ते त्याने १६५५ साली रूढ केले. यादवी युद्धात राजपक्षाची सांकेतिक लिपीतील पत्रे पार्लमेंटसाठी उलगडून देणारा तज्ज्ञ म्हणूनही त्याची ख्याती होती. मला ही शेवटची गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला गुप्त लेखांतील अक्षरांच्या पुनरावृत्तीवरून अर्थ शोधण्याची सवय, त्याने स्वभाषेकडे पाहिले तेव्हा तीही त्याला एका सांकेतिक लेखासारखी दिसली असल्यास नवल नाही. त्याने आपल्या ग्रंथाच्या व्युत्पत्तीवरील प्रकरणात याद्याच दिल्या. ‘स्ट्र’ने आरंभ होणारे शब्द बळ आणि जोर दाखवितात: ‘स्ट्राँग’, ‘स्ट्राइव्ह’, ‘स्ट्राइक’, ‘स्ट्रेच’. ‘थ्र’मध्ये जोराची हालचाल: ‘थ्रो’, ‘थ्रस्ट’, ‘थ्राँग’. ‘स्ल’मध्ये हळूच घसरणे: ‘स्लाइड’, ‘स्लिप’. आणि लिहिताना ज्यांच्या आरंभी ‘डब्ल्यू’ व ‘आर’ येतात त्या शब्दांत पीळ आणि वाकडेपणा: पिळणे या अर्थाचा ‘रिंग’, सुरकुती या अर्थाचा ‘रिंकल’, कुस्ती या अर्थाचा ‘रेसल’, मनगट या अर्थाचा ‘रिस्ट’.

वॉलिस येथेच थांबला नाही. ‘स्पार्कल’ या एका शब्दाचे त्याने तुकडे केले: आरंभीच्या ‘स्प’मध्ये विखुरणे, ‘आर’मध्ये तडतड, ‘क’मध्ये अकस्मात खंड आणि अखेरच्या ‘ल’मध्ये पुन:पुन्हा घडणे. सगळे मिळून ठिणग्या उडणे! हे वाचताना हसू येते, आणि लगेच आपल्या नियतकालिकांतून येणारी कवितेची काही रसग्रहणे आठवून ते हसू मावळते. तिकडे वॉलिसच्या भूमिकेत स्वभाषेचा अभिमानही होता. लॅटिनच्या तुलनेने रांगडी मानली जाणारी इंग्रजी ही वस्तूंशी अधिक इमान राखणारी भाषा आहे, असे दाखविण्याची त्याला हौस होती. आणि ती त्याने लॅटिनमध्ये लिहून भागविली.

वॉलिसला भाषेत जे सापडले असे वाटले ते त्याचा मित्र जॉन विल्किन्स याने स्वत:च घडवून पाहिले. रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या या धर्मोपदेशकाने १६६८ साली एक तात्त्विक भाषा रचली. विश्वातील सर्व पदार्थांचे ४० वर्ग करावयाचे, प्रत्येक वर्गाला दोन अक्षरे द्यावयाची, पोटवर्गासाठी एक व्यंजन आणि त्याच्याही पोटातील जातीसाठी एक स्वर जोडावयाचा, अशी ही योजना. ‘दे’ म्हणजे महाभूत, ‘देब’ म्हणजे अग्नी, आणि त्यावर आणखी एक स्वर चढविला की ज्वाला. येथे आद्याक्षरे कळली की अर्थाचे गोत्र कळते. शब्दच व्याख्या होतो. कागदावर याहून नेटकी भाषा कल्पिता येणार नाही. पण तिच्यात एक घातक दोष होता. एकमेकांच्या अगदी जवळचे पदार्थ एकाच अक्षराने भिन्न राहतात, त्यामुळे एक अक्षर चुकले की गव्हाचा ओहळ होत नाही, गव्हाचा जव होतो. आणि वाक्य तरीही अर्थपूर्ण राहिल्याने चूक कोणाच्याही लक्षात येत नाही. उम्बेर्तो एको याने १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, खुद्द विल्किन्सच्या पुस्तकात ‘ट्यूलिप’च्या जागी ‘बार्ली’चा शब्द पडला आहे. नैसर्गिक भाषेत निकटच्या वस्तूंची नावे एकमेकांपासून दूर असतात हा तिचा अव्यवस्थितपणा नाही. ती तिची सुरक्षितता आहे. ‘गाय’ आणि ‘म्हैस’ यांच्यात एकही वर्ण समान नसल्यामुळेच गोठ्यातला व्यवहार सुरळीत चालतो.

पुढच्या शतकात ही सारी कल्पना मागे पडली. लॉकने १६९० साली शब्द हे स्वेच्छेने ठरविलेले संकेत आहेत असे प्रतिपादन केले. लायब्निट्सने त्याला उत्तर लिहिले खरे, परंतु ते १७६५ पर्यंत छापलेच गेले नाही. डॉ. जॉन्सनने आपल्या १७५५ सालच्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात वॉलिसच्या याद्या उतरवून घेतल्या आणि त्यांत चातुर्य आहे पण भक्कमपणा कमी, अशा अर्थाचा शेराही मारला. कोशकाराचा हा शेरा न्याय्यच होता. तथापि त्याने याद्या वगळल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात तौलनिक व्युत्पत्तिशास्त्र आले आणि ‘ग्ल’च्या कुळाचा एक सरळ खुलासा उपलब्ध झाला. ‘ग्लीम’, ‘ग्लो’, ‘ग्लिटर’, ‘ग्लास’ आणि त्यांच्याबरोबर ‘गोल्ड’ व ‘यलो’ हे सर्व शब्द चकाकणे वा पिवळेपणा या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून निघाले, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे हे शब्द सारखे दिसतात ते भावंडे म्हणून. आपल्या दृष्टीने विशेष हे की, याच धातूचे वंशज संस्कृतात ‘हरि’ आणि ‘हिरण्य’ या रूपांनी आहेत. ‘हरिद्रा’ म्हणजे आपली हळदही त्याच घरची. तेथे ‘ग’ही नाही आणि त्याला लागून येणारा ‘ल’ही नाही. अर्थ टिकला, वर्ण पार पालटले, आणि ‘ह’मध्ये सुवर्णकांती आहे असे म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

पण वंशावळीने सगळे भागत नाही. या कुळात असे कित्येक शब्द आहेत जे जन्माने त्यातले नाहीत, दत्तक आलेले आहेत. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली या दत्तक शब्दांत आहे.

‘ग्लान्स’ हा शब्द घ्या. ओझरती नजर टाकणे हा त्याचा आजचा अर्थ. जुन्या फ्रेंचमध्ये बर्फ या अर्थाच्या शब्दापासून घसरणे या अर्थाचे एक क्रियापद झाले होते. त्यापासून हा इंग्रजीत आला. आरंभी त्याचा अर्थ शस्त्राचा घाव तिरका लागून निसटणे असा होता. त्याच्या शेजारी ‘ग्लिंट’चे जुने रूप नांदत होते, ज्याला झटकन हलण्याचाही अर्थ होता आणि चमकण्याचाही. त्या शेजाराने ‘ग्लान्स’ हळूहळू आपल्याकडे ओढला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निसटत्या घावाची निसटती नजर झाली.

‘ग्लॅमर’ची कथा तर कोणत्याही भाषाभ्यासकाने मनाशी जपून ठेवावी अशी आहे. हा शब्द म्हणजे ‘ग्रामर’चे स्कॉटिश अपभ्रष्ट रूप. व्याकरण जाणणारा तो लॅटिन जाणणारा, लॅटिन जाणणारा तो गूढविद्या जाणणारा, अशा लोकसमजुतीतून व्याकरणाला जादूचा अर्थ आला होता. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये त्यातला ‘र’ जाऊन ‘ल’ आला. वॉल्टर स्कॉटने १८०५ सालच्या आपल्या दीर्घ कथाकाव्यात तो वापरून सर्वतोमुखी केला. स्कॉटच्या वेळी त्याचा अर्थ नजरबंदी, डोळ्यांना नसलेले दिसविणारा मंत्र, असा होता. पुढे मोहक सौंदर्य आणि विसाव्या शतकात चित्रपटातील झगमगाट हा अर्थ त्याला चिकटला. ‘ग्र’चा ‘ग्ल’ होताच जो शब्द अभ्यासिकेत धूळ खात होता तो दिव्यांच्या झोतात येऊन उभा राहिला! व्याकरणाच्या अध्यापकांना यातून काही समाधान लाभत असेल तर त्यांनी ते अवश्य घ्यावे.

तिसरे उदाहरण दुसऱ्या कुळातले आहे. ‘स्न’ने आरंभ होणाऱ्या इंग्रजी शब्दांचा नाकाशी संबंध प्रसिद्धच आहे: ‘स्नाउट’, ‘स्नोअर’, ‘स्नॉर्ट’, ‘स्निफ’, ‘स्नफ’. त्यात शिंकणे या अर्थाचा ‘स्नीझ’ असणे अगदी स्वाभाविक वाटते. पण जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘फ्न’ने सुरू होत असे, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरही ते तसेच लिहितो. ‘फ्न’ हा संयोग इंग्रजीतून नाहीसा होत चालला होता. त्यातच त्या काळच्या लेखनातील लांब ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसे, म्हणून वाचणाऱ्याने एकाच्या जागी दुसरे वाचले असावे, असा कोशकारांचा तर्क आहे. हा तर्क मान्य केला तरी एक प्रश्न उरतोच. लांब ‘एस’ आणि ‘एफ’ यांची गफलत इतर शेकडो शब्दांत होऊ शकली असती. तेथे चूक चूकच राहिली असती. येथे मात्र चुकलेले रूपच रुजले, कारण नाकाशी संबंध असलेल्या शब्दांच्या बिऱ्हाडात त्याच्यासाठी जागा आधीच मोकळी होती. हाच प्रकार पुढे डच भाषेतून अमेरिकन इंग्रजीत आलेल्या ‘स्नूप’चा झाला. मुळात त्याचा अर्थ चोरून खाऊ खाणे. इंग्रजीत तो दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसणे झाला. तोंडाचा शब्द नाकाचा झाला.

या तऱ्हेच्या उदाहरणांवरून भाषाशास्त्रात एक जाहीर मतभेद झाला. सोस्यूरच्या १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत शब्द व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असल्याचा सिद्धांत मांडलेला आहे. त्याच्या समर्थनार्थ त्याने मृत्युघंटेचा नाद या अर्थाच्या ‘ग्ला’ या फ्रेंच शब्दाचा दाखला दिला. लिहिताना त्याच्या अखेरीस ‘एस’ असतो, बोलताना तो गळतो. हा शब्द ऐकून घंटेचाच आवाज आठवतो. पण त्याचे लॅटिन मूळ पाहिले तर तेथे घंटा नाही, रणशिंग आहे, आणि त्या मूळ रूपात तो नादही नाही. म्हणून आजचे साम्य हा ध्वनिपरिवर्तनाचा आकस्मिक परिणाम ठरतो. युक्तिवाद बिनतोड दिसतो. डेन्मार्कचा ओटो येस्पर्सन याने १९२२ साली त्याला उत्तर दिले. त्याचा आशय असा की, शब्द पूर्वी अनुरूप नव्हता एवढ्यावरून तो आज अनुरूप नाही असे सिद्ध होत नाही. भाषा कालांतराने अशा शब्दांनी समृद्ध होत जाते. मला येस्पर्सनचे म्हणणे अधिक पटते. सोस्यूरने इतिहासाचा उपयोग नाते नाकारण्यासाठी केला. परंतु ‘ग्लान्स’ आणि ‘स्नीझ’ यांचा इतिहास वाचला म्हणजे दिसते की, नाते इतिहासानेच घडविले. जन्माच्या वेळी नसलेले नाते सहवासाने जडू शकते, हे संसारात सर्वांना मान्य असते. शब्दांच्या बाबतीत मात्र आपण जन्मपत्रिकाच मागत बसतो.

या प्रकाराला नाव देण्याचे श्रेय जे. आर. फर्थ याचे. १९३० साली ‘स्पीच’ या छोटेखानी पुस्तकात, जे सहा पेन्सच्या एका लोकप्रिय मालेत निघाले, त्याने अशा आद्यध्वनिसमूहांसाठी ‘फोनिस्थीम’ ही संज्ञा पुढे आणली. फर्थ १९२८ पर्यंत लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. पंजाबी आणि उर्दू कानांवर पडत असताना इंग्रजी शिकविण्याची ती वर्षे त्याच्या विचाराला उपकारक ठरली असली पाहिजेत, असा माझा कयास आहे. स्वभाषेच्या नादाला जो मनुष्य विश्वाचा नाद समजत नाही, त्याला ती समज बहुधा परभाषकांच्या वर्गात येते. त्याने ‘स्ल’ने सुरू होणाऱ्या शब्दांचा मोठा गट दिला: ‘स्लॅक’, ‘स्लश’, ‘स्लाइम’, ‘स्लॉपी’, ‘स्लगार्ड’. सैल, ओशट, गबाळे असे काहीतरी तुच्छ त्या सगळ्यांत आहे. पण हा अर्थ ध्वनीच्या अंगचा आहे हे मत त्याने नाकारले. त्या समाजाच्या बोलण्याच्या सवयीने, पुन:पुन्हा सारख्या प्रसंगी सारखे शब्द वापरल्याने, तो त्या ध्वनींना येऊन चिकटला, असे त्याचे म्हणणे.

अमेरिकेत ब्लूमफील्डने १९३३ च्या आपल्या ग्रंथात अशीच वर्गवारी केली. त्याच्या नजरेतून एक सूक्ष्म भेद सुटला नाही: ‘फ्लॅश’, ‘फ्लेअर’, ‘फ्लिकर’ यांतील ‘फ्ल’चा प्रकाश हलता असतो, ‘ग्ल’चा स्थिर असतो. शिवाय ‘स्न’ची एकाहून अधिक कुळे आहेत, एक श्वासाच्या आवाजाचे आणि दुसरे ‘स्नॅप’, ‘स्नॅच’ असे झडप घालण्याचे, हेही त्याने नोंदविले. एकाच आद्यध्वनीचे निरनिराळे अर्थ एकाच भाषेत सुखाने नांदतात, ही बाब ध्वनीच्या उपजत अर्थावर विश्वास ठेवणाऱ्यांना अडचणीची आहे.

वॉलिसच्या याद्यांतील पिळाचे कुळ या ठिकाणी पुन्हा आठवावे. त्यातील पहिला ध्वनी त्याच्या शतकातच इंग्रजांच्या बोलण्यातून लुप्त होत होता. आज पिळण्याचा ‘रिंग’ आणि बोटातली अंगठी या अर्थाचा ‘रिंग’ हे कानाला एकच आहेत. भेद उरला आहे तो फक्त लेखनात. तरीही इंग्रजी वाचकाला त्या मुक्या अक्षरात पीळ जाणवतो. ध्वनी निघून गेला आणि कुळाची खूण डोळ्यांपाशी राहिली. ध्वनीच अर्थ बाळगतो असे मानणाऱ्याने याचा खुलासा कसा करावा?

मनात या कुळांचे अस्तित्व खरोखर असते काय, की हा केवळ कोश चाळणाऱ्यांचा खेळ आहे, हा प्रश्न अखेर प्रयोगशाळेत गेला. बेंजामिन बर्गन याने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, ‘ग्लिटर’नंतर ‘ग्लो’ दाखविल्यास इंग्रजी भाषक तो अधिक त्वरेने ओळखतात. नुसत्या अर्थसाम्याने किंवा नुसत्या ध्वनिसाम्याने होणाऱ्या लाभापेक्षा हा लाभ निराळा असतो. त्यानेच दिलेल्या गणनेप्रमाणे इंग्रजी लेखनाच्या एका मोठ्या संग्रहातील ‘ग्ल’च्या शब्दांपैकी सुमारे ३९ टक्के शब्द प्रकाश वा दृष्टी यांच्याशी संबंधित आहेत. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा ‘ग्लव्ह’ बहुसंख्याकांच्या पक्षात होता! तरीही कुळ खरे आहे, कारण कुळ खरे ठरण्यासाठी गावातील सगळी घरे त्याच आडनावाची असावी लागत नाहीत. निसर्गाचा वाटा मुळीच नाही असेही म्हणता येत नाही. २०१६ साली जगातील हजारो भाषांच्या तुलनेतून असे दिसून आले की, नाकाच्या नावात ‘न’ आणि जिभेच्या नावात ‘ल’ योगायोगाने यावा त्याहून अधिक वेळा येतो. ‘स्न’च्या कुळाला निसर्गाने बी पुरविले असेल, ‘ग्ल’च्या प्रकाशाला असा काही आधार दिसत नाही. दोन्ही कुळांना एकच तत्त्व लावण्याचा मोह टाळलेला बरा.

आता आपल्या घराकडे वळू. मराठीत ‘झळकणे’, ‘झगमग’, ‘झळाळी’, ‘झगझगीत’ हे शब्द पाहिले की ‘झ’मध्ये तेज आहे असे म्हणावेसे वाटते. लगेच ‘झडप’, ‘झेप’, ‘झटका’, ‘झपाटा’ हे दुसरे, वेगाचे कुळ पुढे येते. आणि ‘झाड’, ‘झोप’, ‘झुरळ’ ही तिऱ्हाईत मंडळी दोन्हींकडे पाहत उभी असतात. चकाकी या अर्थाचा ‘जिला’ हा अरबी शब्द मराठीत ‘जिल्हई’ झाला आणि ‘झिलई’ही झाला. यातले ‘झिलई’ हे रूप टिकले, ते तेजाच्या कुळात सामावून गेल्यामुळे, असे मला वाटते. कल्हईवाल्याच्या हातून भांडे जसे उजळून निघते तसा तो शब्दही एका वर्णाने उजळला. परंतु एवढ्यावरून मराठी ही इंग्रजीसारखी चालते असे म्हणणे चुकीचे होईल. लखलख, चकचक, चमचम, तळतळ, लुकलुक, मिणमिण या शब्दांची आद्याक्षरे निरनिराळी आहेत. त्यांचे गोत्र द्विरुक्तीने कळते. इंग्रजी कुळाची खूण शब्दाच्या कपाळावर असते, आपली त्याच्या पावलांच्या ठेक्यात असते. (चमचमते ते डोळ्यांना आणि चमचमीत लागते ते जिभेला, हा प्रवास कसा झाला याचाही कोणीतरी शोध घ्यावा.) एमेनो याने १९६९ सालच्या एका निबंधात दाखविले आहे की, अशी द्विरुक्त अनुकरणवाचके आर्य आणि द्राविड दोन्ही कुळांतील भारतीय भाषांत समान आहेत. म्हणजे या बाबतीत मराठीचे शेजारी कानडी आणि तेलुगू आहेत, इंग्रजी नाही. ‘ग्लिमर’साठी ‘मिणमिणणे’ आणि ‘ग्लिटर’साठी ‘लखलखणे’ घेणाऱ्या भाषांतरकाराने नाद गमावला असे त्याला सांगण्यापूर्वी, त्याने एका गावची सोयरीक सोडून दुसऱ्या गावची जोडली आहे, हे समीक्षकाने पाहावे.

या ठिकाणी आनंदवर्धनाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात त्याने वर्णही रसाचे व्यंजक असतात असे सांगितले. ‘श’, ‘ष’, रेफयुक्त संयोग आणि ‘ढ’ यांची रेलचेल शृंगाराला बाधक आणि बीभत्साला पोषक होते, असा त्याचा निर्णय. हा निर्णय आज सर्व भाषांना लागू पडेल असे नाही. पण त्याने वर्णांना वाच्यार्थ दिला नाही. अमुक वर्ण म्हणजे प्रकाश, तमुक वर्ण म्हणजे नाक, असा कोश तो करीत नाही. काव्यातील शब्दांना स्वत:चा अर्थ असतोच, वर्ण त्यातून रस जाणवून देण्यास साहाय्य करतात किंवा अडथळा करतात, इतकेच त्याचे म्हणणे. वॉलिसने ‘स्पार्कल’चे तुकडे करताना नेमकी हीच मर्यादा ओलांडली. आपल्याकडील रसग्रहणकार ‘ळ’मध्ये कारुण्य आणि ‘ठ’मध्ये कठोरता शोधतात तेव्हा ते स्वत:ला आनंदवर्धनाचे वारस समजत असतात, वस्तुत: ते वॉलिसच्या पंक्तीला बसलेले असतात. ‘बाळ’, ‘काळ’ आणि ‘जाळ’ यांतील कारुण्य एकाच मापाचे आहे काय?

तो विद्यार्थी पुढे कोठे गेला मला ठाऊक नाही. आज तो भेटला तर ‘ग्लव्ह’ आणि ‘ग्लू’ यांच्याऐवजी मी त्याच्यापुढे दोन नव्या शब्दांची जोडी ठेवीन. विसाव्या शतकात यिद्दिश आणि जर्मन यांच्या वाटेने अमेरिकन इंग्रजीत ‘ग्लिट्झ’ आणि ‘ग्लिच’ असे दोन शब्द आले. एकाच्या मुळाशी चकाकणे आहे, दुसऱ्याच्या मुळाशी पाय घसरणे. कानाला ते जुळ्या भावांसारखे वाटतात. ‘ग्लिट्झ’ येताच भपक्याच्या कुळात जाऊन बसला. ‘ग्लिच’ मात्र यंत्रज्ञांच्या हाती पडला. अंतराळवीर जॉन ग्लेन याने १९६२ साली तो विद्युत्प्रवाहातील क्षणिक बिघाडासाठी वापरला, आणि तेव्हापासून तो यंत्रांच्या खोलीतच राहिला आहे. ‘ग्लान्स’ला प्रकाशात यावयास शतक-दीड शतक लागले होते. ‘ग्लिच’ला अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत.